तळघर उपसण्याआधी : मॅसॅच्युसेट्समधल्या मेनार्ड परिसरात जुनी घरं घेतलेल्या मराठी कुटुंबांना खुले पत्र

प्रिय मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मेनार्ड, अ‍ॅक्टन, स्टो, हडसन आणि पलीकडे थेट फिचबर्गपर्यंतच्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत आपल्यातल्या बऱ्याच जणांनी घरं घेतली. त्यातली कितीतरी शंभर वर्षांची, लाकडी, गिरणी कामगारांनी बांधलेली किंवा गिरणीने त्यांच्यासाठी बांधलेली. वास्तुशांत होते, पहिला गणपती बसतो आणि उन्हाळा आला की दारात कचऱ्याचा भलामोठा लोखंडी डंपस्टर येऊन उभा राहतो. तळघर उपसलं जातं, मागची शेड पाडली जाते. हे पत्र त्या डंपस्टरविषयी आहे, आणि एका माणसाविषयी, ज्याची आयुष्यभराची कमाई अशाच एका डंपस्टरमध्ये गेली.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. घरच्यांना ते नको आहे. आमची मुलगी त्यांना फिनिश मुलांसारखं ‘उक्की’ म्हणायची, म्हणजे आजोबा. मीही तेच म्हणेन. आमची गाठ १९८४ साली पडली. मी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक बनवणाऱ्या कंपनीत, आपण सगळे जिला ‘डेक’ म्हणायचो तिच्यात, नोकरीला लागलो आणि गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर उक्कींच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. बायको गेलेली, मुलं लांब, कान जवळजवळ गेलेले. साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालतात त्या खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाचं बहिरेपण मला नवं नव्हतं. माझे वडील परळच्या एका गिरणीत साळखात्यात होते. तोंडासमोर तोंड धरून, ओठ नीट हलवत बोलायची मला लहानपणापासून सवय. उक्कींचं माझ्याशी जमलं ते बहुधा त्यामुळेच. वडील काय करायचे म्हणून त्यांनी विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांचा लगेच पुढचा प्रश्न आला : साचे कुठल्या बनावटीचे? मला तेव्हा सांगता आलं नाही. वडिलांना पत्र लिहून विचारलं. इंग्लंडमधल्या लँकेशायरचे, असं उत्तर आलं. ते ऐकून उक्कींनी मान हलवली. ते स्वतः वूस्टरला बनलेल्या क्रॉम्प्टन अँड नोल्स साच्यांवर वाढले होते, आणि त्या साच्यांविषयी ते गावाकडचा शेतकरी बैलांविषयी बोलतो तसे बोलायचे.

त्यांचा जन्म १९०३ चा, फिनलंडच्या पश्चिमेकडच्या पोह्यान्मा प्रांतातला. सपाट मुलूख, शेती, लांबलचक हिवाळा. वडील कूळ होते, जमीन दुसऱ्याची. अमेरिकेला गेलेल्या फिनिश लोकांत याच प्रांतातले सर्वांत जास्त. थोरल्या भावाला शेत मिळायचं, धाकट्यांना मजुरी. त्यात फिनलंड १९१७ पर्यंत रशियाच्या झारच्या ताब्यात, १९०१ पासून सक्तीच्या लष्करभरतीची टांगती तलवार, आणि स्वातंत्र्य मिळून वर्ष उलटत नाही तोच १९१८ चं यादवी युद्ध. १८६० च्या दशकापासून पुढच्या साठ-सत्तर वर्षांत तीन लाखांहून अधिक फिनिश माणसं उत्तर अमेरिकेत आली. मूळ देशाची लोकसंख्या तेव्हा तीस-पस्तीस लाख. हे प्रमाण लक्षात घ्या, म्हणजे तिकडच्या गावागावांतून काय निघून गेलं असेल ते कळतं.

उक्की १९२३ साली निघाले. हांको बंदरातून बोटीने इंग्लंडमधलं हल, तिथून आगगाडीने देश ओलांडून लिव्हरपूल, मग अटलांटिक. पुढच्याच वर्षी अमेरिकेने नवा कायदा केला आणि फिनलंडचा वार्षिक कोटा उतरून ४७१ माणसांवर आला. एक वर्ष उशीर झाला असता तर ते आलेच नसते, हे ते अधूनमधून सांगत. व्हिसाच्या रांगेत वर्षानुवर्षं अडकलेल्या आपल्या लोकांना यातलं काही वेगळं समजावून सांगायला नको.

मेनार्डला त्यांची मावशी होती. अ‍ॅसाबेट नदीकाठची ही लोकरीची गिरणी १८४६ साली अ‍ॅमोरी मेनार्ड यांनी सुरू केली, १८९९ मध्ये अमेरिकन वूलन कंपनीने ती घेतली आणि भोवती गाव वाढलं. फिनिश, पोलिश, आयरिश, इटालियन, जो येईल तो आधी गिरणीत. उक्की झाडूवाले म्हणून लागले, मग साच्यांना तेल घालणारे, मग विणकर आणि शेवटी साचा दुरुस्त करणारे. आपल्याकडे हे काम लाइन जॉबरचं. कुठल्या साच्याचा धोटा वाकडा पळतोय हे त्यांना म्हणे दारातूनच, पायाखालच्या फळ्यांच्या थरथरीवरून कळायचं, कारण कानांवर तोवर विसंबता येत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात लष्कराचं लोकरी कापड विणताना तीन-तीन पाळ्या चालल्या. मग युद्ध संपलं, मागणी आटली, उद्योग दक्षिणेकडे सरकला, आणि १९५० मध्ये गिरणी बंद झाली. सत्तावीस वर्षांची नोकरी. त्यानंतर त्यांनी सुतारकाम केलं आणि त्यावरच घर चालवलं.

सात वर्षांनी, १९५७ मध्ये, केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन यांनी सत्तर हजार डॉलरच्या भांडवलावर त्याच रिकाम्या गिरणीतली थोडी जागा भाड्याने घेऊन डेक सुरू केली. पुढे सगळी गिरणीच कंपनीची झाली. मी ज्या पाच नंबरच्या इमारतीत बसायचो तिथे पूर्वी साचे होते. लाकडी जमिनीत लोकरीचं तेल मुरलेलं होतं. उक्की मला विचारायचे, आता कुठल्या मजल्यावर बसतोस, कुठल्या खिडकीजवळ, नदीच्या बाजूला की रस्त्याच्या? मग डोळे मिटून सांगायचे, तिथे अमुक एकजण उभा असायचा. आपल्यातले किती मराठी इंजिनियर त्या जमिनीवरून चालले असतील! ऐंशीच्या दशकात दुपारच्या जेवणाला एका टेबलावर सहा-सात जण सहज जमायचे. आपण तिथे आलो तेव्हा आपल्या आधी तिथे कोण होतं, हे माझ्यापुरतं तरी मला घरमालकामुळे कळलं.

पण गिरणी ही उक्कींची अर्धीच गोष्ट आहे, आणि मला ज्यासाठी हे पत्र लिहायचं आहे ती दुसरी अर्धी.

मेनार्डमधल्या फिनिश लोकांनी गिरणीच्या बाहेर स्वतःचं एक गाव उभं केलं होतं. १९०७ साली त्यांनी सहकारी दुकान काढलं. ते वाढत वाढत दूध, बेकरी, कोळसा असं सगळं पुरवणारी संस्था झालं आणि १९७० च्या दशकापर्यंत टिकलं. तिकडे फिचबर्गला १९०५ पासून ‘राइवाया’ हे फिनिश वृत्तपत्र निघत होतं, ते थेट २००९ पर्यंत चाललं. १९१४ मध्ये तिथल्या फिनिश कामगारांनी काढलेली पतसंस्था आजही चालू आहे. आपल्यातल्या काहींची खाती तिच्यात असतील. आणि प्रत्येक वस्तीत एक सभागृह असायचं. त्याला ते ‘हाली’ म्हणत. हालीत रंगमंच, वाचनालय, व्यायामाची साधनं, पितळी वाद्यांचा बँड, शनिवारी नाच. चर्चला जाणारे फिनिश वेगळे, दारूबंदीवाले वेगळे, समाजवादी वेगळे. एकमेकांशी भांडणं कडवी, पण प्रत्येकाची नाटकमंडळी होती. उक्कींच्या बायकोने, त्यांना मी फक्त फोटोत पाहिलं, दिवसभर गिरणीत कापडातल्या गाठी हुडकून काढण्याचं काम केलं आणि रात्री हालीच्या रंगमंचावर नायिका केल्या. दहा तास उजेडासमोर कापड ताणून डोळे बारीक करायचे, आणि मग तालमीला जायचं. संध्याकाळी घरी येऊन पडून राहिली असती तर कोणी नावं ठेवली नसती. कामगार कल्याण केंद्राच्या नाट्यस्पर्धांसाठी पाळी बदलून घेणारे, तालमीवरून थेट पहाटेच्या भोंग्याला हजर होणारे गिरणगावातले लोक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ती बाई ओळखीची वाटेल. माझे वडील भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. घरात त्यांना मोठ्याने बोललेलं ऐकू यायचं नाही, पण पखवाजाला कणीक लावताना बोटांना मात्र सगळं समजायचं.

उक्कींचा छंद दुर्बिणींचा होता. आकाश बघण्याचा म्हणण्यापेक्षा दुर्बिणी करण्याचा, म्हणजे काचेचा आरसा स्वतःच्या हाताने घासून, घोटून, त्यातून दुर्बीण बांधण्याचा. १९२५ च्या नोव्हेंबरात ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात अल्बर्ट इंगॉल्स यांचा एक लेख आला होता. व्हरमाँटमधल्या स्प्रिंगफील्ड गावी रसेल पोर्टर नावाचा माणूस होता. आर्क्टिकच्या मोहिमा करून आलेला, चित्रकार, यंत्रकारखान्यात नोकरीला. त्याने १९२० साली कारखान्यातल्या पंधरा पुरुषांना आणि एका बाईला आरसे घासायला शिकवलं. त्या मंडळींनी पुढे टेकडीवर स्वतःचं क्लबघर बांधलं, त्याला स्टेलाफेन म्हणतात. त्या लेखानंतर अमेरिकाभर तळघरातळघरांत लोक काच घासू लागले, आणि त्यातले बरेचसे हातांनी काम करणारे होते. उक्कींना तो अंक काही वर्षांनी गावच्या वाचनालयात सापडला. मंदीचे दिवस होते. गिरणी आठवड्यातले मोजके दिवस चालायची. वेळ भरपूर आणि पैसा अजिबात नाही. फिनिश-इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून त्यांनी तो लेख आणि पुढच्या अंकांतले पोर्टर यांचे लेख वहीत उतरवून काढले. इंग्रजी मी त्यातूनच शिकलो, असं ते म्हणायचे.

ज्यांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या शिबिरात आरसा घासला आहे त्यांना ही कृती माहीत असेल, पण बाकीच्यांसाठी सांगतो, कारण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जाड काचेच्या दोन गोल चकत्या घ्यायच्या. एक पिंपावर पक्की बसवायची, दुसरी तिच्यावर ठेवायची, मध्ये पाणी आणि काच घासणारी कार्बोरंडमची कठीण भुकटी. वरची चकती पुढे-मागे ढकलत पिंपाभोवती हळूहळू फिरायचं. तास न् तास. वरची काच आपोआप खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. भुकटी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी राळेचा थर, त्यावर चौकोनी खाचा, आणि रूजच्या लाल भुकटीने घोटणं. त्या लाल रंगाचे डाग कपड्यांवरून निघत नाहीत. यानंतर खरी परीक्षा. अंधारात आरसा उभा करायचा, छिद्रातून दिव्याचा किरण टाकायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशात दाढीचं पातं सरकवायचं. काचेवर सावल्या उमटतात, डोंगर-दऱ्या दिसाव्यात तशा. त्या सावल्या वाचून कुठे घासायचं ते ठरवायचं. माणसाच्या केसाच्या जाडीचा हजारावा भाग, एवढी चूकसुद्धा त्यात दिसते. उक्कींनी मला एकदा अंगठा आरशावर क्षणभर टेकवायला लावला आणि मग पात्यामागून बघायला सांगितलं. अंगठ्याच्या उबेने काच तेवढ्या जागी फुगली होती आणि ते उंचवट्यासारखं स्पष्ट दिसत होतं. काच निवेपर्यंत, हळूहळू, ते मावळत गेलं. मी बारा वर्षं शास्त्र शिकून आलेला माणूस. उष्णतेने वस्तू प्रसरण पावते हे मला त्या तळघरात पहिल्यांदा पटलं.

मग आरशाला चांदी. सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया आणि साखर. ते स्वयंपाकघराच्या मोरीत करायचे. बोटं काळी, मोरी काळी, बायकोचा संताप. बाहेरच्या हवेत ही चांदी पुन्हा काळवंडायची आणि पुन्हा चढवावी लागायची. पहिला आरसा सहा इंची होता. त्याला नळ पत्र्याचा आणि आधार नळजोडणीच्या लोखंडी पाइपांचा. दुसरा दहा इंची, त्याच्यावर त्यांनी गिरणी बंद झाल्यानंतरचे तीन-चार हिवाळे घातले. एका ओळखीच्या माणसाच्या मोटारीतून ते स्टेलाफेनच्या उन्हाळी मेळाव्याला जाऊन आले. त्यांच्या तोडक्या इंग्रजीचं तिथे कोणाला काही वाटलं नाही. लोक आरसा दिव्यासमोर धरत, सावली बघत आणि मान डोलवत. गिरणीत ते ‘तो फिन’ होते. त्या टेकडीवर लोकांनी त्यांना विचारलं, हा कडेचा भाग तुम्ही खाली कसा आणलात? हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

१९८६ च्या जानेवारीत आम्ही हॅलेचा धूमकेतू पाहिला. त्या खेपेला तो इथून अगदीच फिका दिसला. पश्चिमेला, संध्याकाळी, धुराच्या बोटभर डागासारखा. कडाक्याची थंडी. उक्की म्हणाले, मी हा लहानपणी पाहिलाय, बर्फावर उभा राहून, शेपूट केवढी होती! नंतर मी हिशेब केला. हॅले १९१० च्या मे महिन्यात आला होता, आणि पोह्यान्मात मे महिन्यात बर्फही नसतं आणि रात्र नीट काळोखीही होत नाही. सात वर्षांच्या पोराने पाहिला तो जानेवारी १९१० चा दुसराच धूमकेतू असणार, जो हॅलेपेक्षा कितीतरी तेजस्वी होता आणि दिवसाउजेडी दिसला होता. त्या पिढीतल्या अनेकांच्या आठवणीत या दोघांची अदलाबदल झालेली आहे. मी त्यांना हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, म्हणजे मी दोन पाहिले. आणि खूश होऊन वहीत तसं लिहून ठेवलं.

त्या वह्या. १९३० च्या दशकापासूनच्या. तारीख, हवा, आकाशातलं काय काय पाहिलं, कुठला तारा शेजारच्या ताऱ्यापेक्षा किती मंद. मध्येच गिरणीतला पगार, कोणाचं बारसं, कोणाची मयत, हालीतलं नाटक. सगळं फिनिशमध्ये, पेन्सिलीने. तेजस्विता बदलणाऱ्या ताऱ्यांच्या हौशी नोंदी जमवणारी, १९११ साली स्थापन झालेली संस्था इथेच केंब्रिजला आहे. अशा जुन्या नोंदी संशोधक आजही वापरतात. उक्कींनी आपल्या नोंदी तिला कधी पाठवल्या नाहीत. आपलं इंग्रजी नीट नाही, ही भीड. पाठवल्या असत्या तर निदान आकडे तरी राहिले असते.

१९९१ च्या हिवाळ्यात ते गेले. तोवर आम्ही दुसऱ्या गावी राहायला गेलो होतो. घर विकलं गेलं. घेणाऱ्यांनी तळघर उपसलं, आणि मला शेजारणीकडून कळलं तोवर डंपस्टर निघून गेला होता. दहा इंची आरसा, राळेची चकती, कार्बोरंडमचे नंबर लिहिलेले डबे, वह्या, बायकोच्या नाटकांच्या प्रॉम्प्टरच्या प्रती, सगळं. अंगणातला दुर्बिणीचा खांब झेंड्याचा समजून उपटला. मागची सॉनाची, म्हणजे वाफेच्या स्नानाची, खोली पाडून तिथे गाडी ठेवायची जागा झाली. ज्यांनी हे केलं ते वाईट लोक नव्हते. त्यांना त्या वस्तू काय आहेत हे कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

आता आपण त्यांच्या जागी आहोत, आणि म्हणून हे पत्र.

गिरणीच्या मालकांचं चांगलं जपलं गेलं आहे. १८९२ चा घड्याळाचा मनोरा उभा आहे, त्याला अजून हाताने किल्ली देतात. डेकचा इतिहास लिहिला गेला आहे. कामगाराचं नाव पगारपत्रकात सापडेल, जनगणनेत सापडेल, जहाजाच्या यादीत सापडेल. तिथे तो मजूर, विणकर, परदेशी असतो. त्याने स्वतःच्या इच्छेने, कोणीही पैसे न देता, रात्री जागून जे केलं ते कुठल्याही कार्यालयात नोंदलेलं नाही. ते आहे तुमच्या तळघरात, माळ्यावर, अंगणात. उक्कींना मी कामगार म्हणून आठवलं तर त्यांच्यासारखी त्या साळखात्यात शेकडो माणसं होती. आरसे घासणारे उक्की एकच होते. आणि तुमच्या घरात राहून गेलेला माणूसही असाच एकच कोणीतरी होता. तो कदाचित दुर्बिणी करत नसेल. कान्तेले हे फिनिश तंतुवाद्य वाजवत असेल, मधमाश्या पाळत असेल, चिंध्यांचे पट्टेदार गालिचे विणत असेल, फोटो काढत असेल.

तेव्हा काय बघायचं ते सांगतो. अंगणाच्या मागच्या टोकाला ठेंगणं लाकडी बांधकाम, बुटका दरवाजा, आत दोन खोल्या, एकीत पायऱ्यांसारखी बाकं, धुरांडं आणि दगडांचा ढीग, असं काही असेल तर ती शेड नव्हे, सॉना आहे. शनिवारी संध्याकाळी अख्खं कुटुंब, कधी शेजारीसुद्धा, तिथे येत आणि नंतर कॉफीबरोबर वेलदोड्याचा निसू पाव खात. तो निसू इथल्या बेकऱ्यांत अजूनही मिळतो, खाऊन बघा. फिनलंडची सॉना संस्कृती २०२० साली युनेस्कोच्या यादीत गेली. ती तुमच्या अंगणात असेल तर पाडण्याआधी निदान एकदा पेटवून बघा, अर्थात धुरांडं तपासून घेऊन. अंगणात एखादा लोखंडी वा काँक्रीटचा खांब असेल आणि त्याच्या माथ्यावरचा दांडा उत्तरेकडे, जमिनीशी साधारण बेचाळीस अंशांनी तिरपा असेल, तर तो दुर्बिणीचा आहे. तो ध्रुवाकडे रोखलेला आहे आणि बेचाळीस हे आपलं अक्षांश. तळघरात जाड काचेच्या जोडचकत्या, एक खोलगट आणि एक फुगीर, किंवा चौकोनी खाचांचा काळपट राळेचा थर दिसला तर त्याला हात लावू नका. आरसा असेल तर तो पुसू नका, फडक्याने तर मुळीच नाही. फोटोंच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं असतं, त्याचेही फोटो काढा. ‘राइवाया’ची कात्रणं, सहकारी दुकानाच्या शेअरचे कागद, वह्या, पत्रं, वाचता येत नाहीत म्हणून टाकू नका. आपल्याकडे मोडीतली दप्तरं अशीच वाचता येईनात म्हणून रद्दीत गेली. त्यातलं काय गेलं ते आता कोणालाच सांगता येणार नाही.

वस्तू हलवण्याआधी ती जिथे आहे तिथे तिचा फोटो काढा. शेजारी एखादी ऐंशी-नव्वदीची बाई असेल तर तिला चहाला बोलवा आणि फोन रेकॉर्डिंगला लावून, अर्थात तिला विचारून, या घरात कोण राहायचं ते विचारा. मेनार्डला स्थानिक इतिहास मंडळ आहे, बहुतेक गावांत असतं, त्यांना कळवा. मिनेसोटा विद्यापीठात स्थलांतरितांच्या इतिहासाचं मोठं अभिलेखागार आहे, तिथे फिनिश कागदपत्रं मोठ्या संख्येने आहेत. मिशिगनमध्ये हँकॉकला फिनिश-अमेरिकन वारसा केंद्र आहे. तिथलं फिनलंडिया विद्यापीठ २०२३ मध्ये बंद झालं, पण केंद्र टिकलं. सगळंच कोणी घेईल असं नाही. पण विचारायला एका ईमेलचा वेळ लागतो.

इथल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणीलाही विनंती आहे. आपण दिवाळी अंक काढतो, त्यात आपल्या स्थलांतराच्या कथा असतात, त्या असाव्यातच. त्यात एक पान ज्याच्या घरात आपण राहतो त्याला द्या. काउंटीच्या दस्त नोंदणी कार्यालयात घराच्या आधीच्या मालकांच्या नोंदी मिळतात. शाळकरी मुलांना ते काम द्या, त्यांना आवडतं. आमच्या मुलीने सातवीत असताना उक्कींची मुलाखत घेतली होती, शाळेच्या प्रकल्पासाठी. त्यांच्या आवाजाची आज अस्तित्वात असलेली तेवढी एकच कॅसेट. तीत मध्येच ते तिला विचारतात, तुझे आजोबा काय वाजवायचे म्हणालीस, आणि ती पखवाज म्हणजे काय ते मेजावर वाजवून दाखवते.

ज्या कुटुंबाने या वसंतात आमच्या जुन्या गल्लीतलं टोकाचं हिरवं घर घेतलं आहे, त्यांच्या अंगणातही एक सॉना आहे. रस्त्यावरून छप्पर दिसतं. पायाचं एक लाकूड कुजलेलं वाटतं, पण बाकी सांगाडा सरळ उभा आहे. लाकूड बदलण्याचं काम ओळखणारा माणूस मला माहीत आहे. मीही येईन आणि हाताखाली लागेल ते करीन. तळघरातही काही सापडलं तर डंपस्टर मागवण्याआधी मंडळाच्या पत्त्यावर निरोप ठेवा.

आपला,
मेनार्डचा एक जुना भाडेकरू